दुधाळ्याच्या आराखड्यात आमची वस्ती कुठे आहे?

परवा औंढा नागनाथच्या बसस्थानकावर एका तरुणाने आम्हाला गाठले. ‘जयभीम सर’ म्हणाला आणि थेट विषयाला हात घातला. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केलेला, चाकणला दोन वर्षे कंत्राटी काम करून गावी परतलेला हा पोरगा. ‘सर, दुधाळ्याला त्ये लहरीचं काम निघालंय म्हणतेत. आपलं काय काम हाय तिथं?’ प्रश्नात उपरोध होता की आशा, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही ‘शिकत राहा, संधी येतील’ असे काहीतरी पुढारी छापाचे उत्तर दिले आणि गाडी लागली म्हणून निघालो. पण गाडीत बसल्यावर आमचेच उत्तर आम्हाला टोचू लागले. त्या पोराचा प्रश्न अगदी नेमका होता आणि उत्तर पळपुटे होते. म्हणून हा लेखप्रपंच.

औंढा तालुक्यातल्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. खर्च २६०० कोटी रुपये, आणि काम २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट. ११ मे २०२३ रोजी दिल्लीतून दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, मागासांतला मागास म्हणून ओळखला जाणारा आपला हिंगोली जिल्हा एका रात्रीत जगाच्या नकाशावर गेला, असे प्रस्थापित वृत्तपत्रांनी छापले. छापू द्या. पण हे यंत्र काय आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते रचतात कसे, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगितले काय? आमच्या मते त्या रचण्याच्या पद्धतीतच आपल्या कामाची गोष्ट दडलेली आहे.

इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनात दोन नळ्या. प्रत्येक नळी ४ किलोमीटर लांब. त्यातून लेसरचा प्रकाश जातो, टोकाच्या आरशावर आपटून परत येतो. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशच ताणले-आकसले जाते, त्या लाटेने एक नळी किंचित लांब आणि दुसरी किंचित आखूड होते. किंचित म्हणजे किती? अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या जाडीचा दहा हजारावा भाग! हा फरक पकडायचा तर आरसे हलता कामा नयेत. म्हणून ४० किलो वजनाचा एकेक आरसा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूंवर टांगतात, आणि तोही चार पायऱ्यांच्या लोलकाच्या शेवटच्या पायरीवर. नळीतली हवा उपसून वातावरणाच्या दाबाच्या लाखकोटीव्या भागापर्यंत आणतात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ४ किलोमीटर सरळ रेषेत जायचे तर जमिनीच्या बाकाचा एक मीटरहून अधिक फरक बांधकामात भरून काढावा लागतो. रस्त्यावरचा ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, शेतातली मोटार, सगळ्यांचा धक्का यंत्राला कळतो. अमेरिकेत हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ साली एक विचित्र खडखड नोंदली जाऊ लागली. शोध घेतला तर डोमकावळे थंड नळावर जमलेला बर्फ चोचीने टोचत होते!

आता विचार करा. इतके सगळे सांभाळणारे यंत्र एका डोक्यात मावेल काय? शक्यच नाही. लेसरवाल्याला काँक्रीट कळत नाही, काँक्रीटवाल्याला निर्वात कळत नाही, निर्वातवाल्याला संगणक कळत नाही. अशा अगडबंब यंत्रणा रचण्याचे म्हणून एक स्वतंत्र शास्त्र तयार झाले आहे. त्याची पहिली पायरी चित्र काढण्याची नसून लिहिण्याची आहे. यंत्राने काय केले पाहिजे, हे आधी कागदावर उतरवायचे. याला ते गरजांची यादी म्हणतात. मग त्या एका मोठ्या गरजेचे तुकडे पाडायचे. एकूण इतकाच थरथराट चालेल, तर त्यातला जमिनीला किती, आरशाच्या उष्णतेला किती, लेसरला किती, असा थरथराटाचा अर्थसंकल्पच मांडायचा. एकाने आपल्या वाट्याहून अधिक खर्च केला की दुसऱ्याच्या वाट्याला कात्री. मग भागाभागाला जबाबदार गट. आणि सर्वांत अवघड म्हणजे सांधे. दोन गटांची हद्द जिथे मिळते तिथे कोणी काय द्यायचे, किती मापाचे, कोणत्या तारखेला, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवायचे. नंतर कोणाला एक बोल्ट बदलायचा झाला तरी बदलाचा अर्ज, त्याची छाननी, त्याची नोंद. आराखड्याची तपासणी एकदा कच्च्या अवस्थेत, एकदा पक्क्या अवस्थेत. मग भाग वेगवेगळे तपासायचे, जोडून तपासायचे आणि शेवटी सगळे मिळून तपासायचे.

आपल्यापैकी ज्यांनी वस्तीत वर्गणी काढून विहार बांधला आहे त्यांना हे लगेच कळेल. गवंडी चांगला, वायरमन चांगला, रंगारी चांगला. तरी स्लॅब पडल्यावर कळते की पंख्याच्या कड्या टाकायच्या राहिल्या. गवंडी म्हणतो वायरमनने सांगायचे, वायरमन म्हणतो गवंड्याने विचारायचे. काम बिघडले ते दोघांच्या मधल्या जागेत. अमेरिकेच्या नासासारख्या संस्थेचेही हेच झाले. मंगळाकडे पाठवलेले त्यांचे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले, कारण एका गटाची आकडेमोड पौंडात आणि दुसऱ्याची मेट्रिक मापात. सांध्यावर कोणी पाहिलेच नाही.

लायगोची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९९४ मध्ये प्रकल्प डबघाईला आलेला असताना बॅरी बॅरिश यांच्या हाती सूत्रे आली. त्यांनी कामाची फेरमांडणी केली, आणि पहिले यंत्र असे बांधले की पुढे त्याच नळ्यांत त्याहून सरस यंत्र बसवता येईल. पहिले यंत्र २००२ ते २०१० चालले आणि त्याला एकही लहर सापडली नाही. सुधारित यंत्र बसवले, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर मिळाली. २०१७ चे नोबेल राइनर वाइस, किप थॉर्न आणि याच बॅरिश यांना विभागून मिळाले. म्हणजे शोधाइतकाच रचनेचाही गौरव झाला. आणखी एक गोष्ट आम्हाला फार भावली. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी, बाकी कोणालाही न सांगता, यंत्रात एक खोटी लहर घुसवली. शेकडो शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने तिचा अभ्यास करत राहिले, निबंध लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडून सांगण्यात आले की ही आमचीच परीक्षा होती. कोणी रागावले नाही, राजीनामे दिले नाहीत, नवा गट काढला नाही. (आमच्या संघटनांनी आपल्या कामाची अशी परीक्षा कधी घेतली आहे काय? असो. तो विषय निघाला तर हा स्तंभ पुरायचा नाही.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. गरजांची यादी कोण लिहितो? यंत्र कोणाला विचारून रचतात? इंजिनिअर लोक म्हणतील की यात जात कुठून आली, हे तर गणित आहे. आम्ही त्यांना एकच उदाहरण देतो. आपल्या शहरांतली भुयारी गटार योजना घ्या. तीही मोठी, गुंतागुंतीची, आराखड्यातून उतरलेली यंत्रणाच. पाइपचा उतार मोजलेला, व्यास मोजलेला, पंपाची ताकद मोजलेली. तुंबल्यावर काय? त्याचे उत्तर आराखड्यात लिहिलेले नसते, पण सर्वांना ठाऊक असते. माणूस उतरवायचा. कोणता माणूस, तेही ठाऊक असते. मॅनहोलच्या नावातच माणूस आहे! ‘कोणीही माणूस आत उतरणार नाही’ ही एक ओळ गरजांच्या यादीत पहिल्या दिवशी असती, तर तीच गटारे वेगळी बांधली गेली असती. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात मृतांच्या वारसांना १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख देण्यास सांगितले. भरपाई वाढत गेली, आराखडा तोच राहिला. रेल्वेचे पाहा. लोहमार्गावर पडणारी घाण कोणीतरी उचलेल, हे गृहीत धरून अनेक दशके डबे बांधले गेले. ठरवल्यावर जैव-शौचालये निघाली आणि काही वर्षांत डब्यांना बसलीही. याचा अर्थ तंत्र अशक्य नव्हते. त्या उचलणाऱ्याचे नाव यादीत नव्हते, एवढेच.

या विषयाशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांची १९४२ ते १९४६ ही चार वर्षे वाचावीत. घटनेचे शिल्पकार एवढेच आपल्या पोरांना शिकवले जाते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हेही विषय बाबासाहेबांकडे होते, हे किती जणांना माहीत आहे? १९४३ मध्ये दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला. नेहमीचा उपाय काय, तर बांध उंच करा. बाबासाहेबांनी त्याच्या पलीकडचा प्रश्न घेतला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी मांडले की नदी एकच आहे, मग पुरासाठी एक खाते, विजेसाठी दुसरे, सिंचनासाठी तिसरे आणि नौकानयनासाठी चौथे असे तुकडे चालणार नाहीत. प्रांतांच्या सीमा नदीला माहीत नसतात. संपूर्ण खोरे हेच एक मानून बहुउद्देशीय योजना झाली पाहिजे. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या कामातले अभियंते वुर्डुइन यांच्याकडून योजनेचा आराखडा करून घेण्यात आला. १९४४ मध्ये वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग या केंद्रीय तांत्रिक संस्था उभ्या राहिल्या. त्या आयोगातूनच पुढे आजचा केंद्रीय जल आयोग आला. आज ज्याला मोठ्या थाटात यंत्रणाविचार म्हणतात, तो आमचा बाप त्या वेळी सरकारी फायलीत लिहीत होता! आणि केवळ फायलीत नव्हे. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या भागात ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले, कामगारांची घरे पाहिली. आराखडा करणाऱ्याने खाली उतरून पाहायचे असते.

पुढे त्या योजनेचे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाबासाहेब १९४६ मध्ये त्या खात्यातून बाहेर पडले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. पण आराखड्यातल्या धरणांपैकी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच महामंडळाने बांधली. मैथन आणि पंचेतच्या जलाशयांसाठी पूरपातळीपर्यंतची पूर्ण जमीनही घेतली गेली नाही, त्यामुळे पूर अडवण्याची त्यांची ताकद कागदावर राहिली. यंत्रणेचे अर्धे भाग गाळले की उरलेले अर्धे काम करतीलच असे नसते. आणि जी जमीन गेली त्यात आदिवासींची गावेच्या गावे उठली. पाणी कोणाला मिळणार हे लिहिले गेले, घर कोणाचे बुडणार ही ओळ मात्र पुसट शाईत राहिली. हे आपल्याला सिद्धेश्वर-येलदरीच्या आणि इसापूरच्या मुलखात वेगळे सांगायला नको. धरण दिसते, कालवा दिसतो, आणि टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही. धरणवाला आणि कालवेवाला यांच्या मधला सांधा!

मग दुधाळ्याच्या यादीत आपण आहोत काय? हे यंत्र अणुऊर्जा विभागाच्या पुढाकाराने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साथीने होत आहे. इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, पुण्याचे आयुका आणि बांधकामासाठी अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय, अशी वाटणी आहे. अमेरिका यंत्राचे मुख्य भाग देणार, आपण जागा, इमारत, निर्वात नळ्या आणि माणसे द्यायची. आता २००६ चा केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा उघडा. कलम ४ ने काही ‘उत्कृष्ट’ संस्थांना प्रवेशातल्या आरक्षणातून वगळले आहे. त्या अनुसूचीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिचे घटक आहेत, आणि त्या घटकांत इंदूरचे केंद्रही आहे, गांधीनगरची संस्थाही आहे. त्याशिवाय केंद्र सरकारच्या १९७५ च्या आदेशाने संशोधन करणाऱ्या, संशोधनाला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक-तांत्रिक पदांना, गट ‘अ’ च्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर, आरक्षणातून सूट देता येते. म्हणजे जिथे गरजांची यादी लिहिली जाते त्या टेबलापाशी आपल्याला खुर्ची ठेवण्याचे बंधन कायद्यानेच काढून घेतले आहे. खाली नळी ओढायला, चर खणायला मात्र कोणतीही सूट नाही, तिथे आमचे शंभर टक्के आरक्षण अबाधित! याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव औंढ्याच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांना मागच्या बाजूला घालवले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले अशी कथा इथे सांगतात. कथेतले देऊळ फिरते. संस्था आपोआप फिरत नसतात.

तरीही ‘हे सगळे आपल्या विरोधात’ म्हणून पाठ फिरवणे आम्हाला मान्य नाही. हे विज्ञान आपले आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या, परदेशी शिक्षणाला मदत आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या होत्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली, तिचे मूळ त्याच आग्रहात. छापखान्यातला उमेदवार आणि परदेशी शिकणारा शास्त्रज्ञ, दोघांची मागणी त्यांनी एकाच कागदावर केली होती, हे आमच्या वेल्डर मित्राने लक्षात ठेवावे.

आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेतल्या नळ्या सव्वा मीटर व्यासाच्या, अवघ्या ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत, आणि पत्रा गुंडाळून त्या जोडताना सुमारे ५० किलोमीटर लांबीचे वेल्डिंग करावे लागले. त्यात कुठेही टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले तर नोबेलवाल्यांचे गणित वाया. म्हणजे बाबा रे, तुझेच काम आहे तिथे! पण चाकणला जे वेल्डिंग करतोस ते चालणार नाही. निर्वातासाठीचे आर्गॉन वेल्डिंग, गळती तपासणी, स्वच्छ खोलीत काम करण्याची शिस्त, प्रत्येक जोडाची नोंद लिहिण्याची सवय, हे शिकावे लागेल. आणि ते शिकवण्याची मागणी आपण कायद्याने करू शकतो. १९६१ च्या उमेदवारी कायद्यात, कलम ३-अ मध्ये, अनुसूचित जाती-जमातींसाठी उमेदवारांच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. कोणताही कंत्राटदार असो, त्याने वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन यांचे किती उमेदवार घेतले आणि त्यात जिल्ह्यातल्या आयटीआयचे किती, हे दरवर्षी जाहीर झाले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. जेवणाच्या डब्यांपासून केबल ट्रेपर्यंत त्यात काय काय बसते, याची यादी आपल्या उद्योजकांनीच करावी. बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींनी तर वाटच पाहू नये. अमेरिकेतल्या वेधशाळांनी नोंदलेल्या लहरींचा विदा सर्वांसाठी खुला आहे. साधा संगणक आणि इंटरनेट असले की १४ सप्टेंबर २०१५ ची ती लहर हिंगोलीत बसून स्वतः काढून पाहता येते.

आणखी एक मागणी, आणि ती आम्हाला सर्वांत निकडीची वाटते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी काही मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे धक्के या जिल्ह्याला बसले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ चा धक्का, केंद्र कळमनुरी तालुक्यात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात म्हणून लोक अनेक वर्षे घाबरून रात्री काढत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी मराठवाडा विसरलेला नाही. दुधाळ्यातला आरसा चार पायऱ्यांच्या लोलकावर टांगून धक्क्यापासून वाचवला जाईल. गावकुसाबाहेरच्या मातीच्या भिंती आणि त्यावर दगड ठेवलेले पत्रे यांच्या खाली कोणता लोलक आहे? या यंत्राला भूकंपमापकांची साथ लागतेच. त्यांच्या नोंदी मराठीत, गावाच्या नावानिशी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात, आणि पाचही तालुक्यांतल्या मातीच्या घरांची पाहणी होऊन त्यांच्या मजबुतीचा खर्च मंजूर व्हावा.

निवेदन तयार करण्याचे काम आम्ही हिंगोली, औंढा, कळमनुरी, वसमत आणि सेनगावच्या कार्यकर्त्यांकडे सोपवत आहोत. त्यात ‘स्थानिकांना प्राधान्य द्यावे’ असे मोघम वाक्य घालू नका, त्याला साहेब लोक ‘विचार करू’ म्हणून कोपऱ्यात सारतात. आयटीआयनिहाय आकडा मागा, ट्रेडनिहाय मागा, वर्षनिहाय मागा. कलम ३-अ चा उल्लेख करा. मातीच्या घरांची यादी आपण स्वतः वस्तीवस्तीत फिरून करा आणि सोबत जोडा. आणि औंढ्याच्या बसस्थानकावर भेटलेल्या त्या वेल्डरला निवेदनाच्या बैठकीला बोलवा. सांधा कसा बसवायचा हे त्या खोलीत त्याच्याइतके कोणाला कळणार नाही.